मार्चमधले ससे

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे वसंत ऋतू कुरिअरने आला. मुख्य कार्यालयाने पाठवलेला खोका चांगला मोठा होता, वर इंग्रजीत ‘स्प्रिंग’ लिहिलेलं होतं, आणि तो उघडताना शाळा चालवणाऱ्या मॅडमनी मला व्हिडिओ काढायला लावला. आत गुळगुळीत पुठ्ठ्यांवरची चित्रं होती. वितळणारा बर्फ आणि त्यातून डोकं वर काढणारी जांभळी फुलं. लाल छातीचा एक गोल पक्षी. गमबूट घालून डबक्यात उड्या मारणारी सोनेरी केसांची मुलगी. बाकी सगळे ससे. सोबत शिक्षिकेसाठी एक पुस्तिका होती, घरात खेळायचे बारा खेळ आणि बाहेर खेळायचे बारा खेळ. बाहेरच्या पहिल्याच खेळात सूचना होती की मुलांना उबदार कपडे घालून अंगणात न्यावं आणि ऊन अंगावर घेण्याचा आनंद लुटू द्यावा.

बदलापुरात, मार्चमध्ये, ऊन अंगावर घेण्याचा आनंद. आमच्या अंगणातल्या घसरगुंडीवर मी सकाळी साडेनऊला चार थेंब पाणी शिंपडून बघत असे. चर्र आवाज आला की त्या दिवशी घसरगुंडी बंद.

आमची ही प्री-स्कूल (‘बालवाडी’ म्हटलं की मॅडमच्या कपाळाला आठी पडायची) मांजर्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. नदी जवळ. मोठ्या पावसात पाणी आत येतं म्हणून त्या मजल्यावर राहायला कुणी धजत नव्हतं, आणि जिथे माणसं राहायला तयार नाहीत तिथे शाळा काढायची पद्धतच आहे. भिंतींना खिडकीपर्यंत ओल होती. ती झाकायला मॅडमनी वर इंग्लंडातलं खेडं रंगवून घेतलं होतं. उतरत्या छपरांची घरं, धुराडी, हिरवळीवर मेंढ्या. पापुद्रे सुटायला लागले की आधी मेंढ्या गळायच्या.

मी अंबरनाथची. वडील फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. कॉलेजात असताना रविवारी आमच्या विहाराच्या ओट्यावर लहान पोरांना गोळा करून गाणी शिकवायचे, त्यातून या कामाची गोडी लागली आणि पुढे बालशिक्षणाचा डिप्लोमा केला. तीन वर्षांच्या मुलाला माती, पाणी, पान, दगड द्यावं आणि आपण जरा बाजूला व्हावं, असं तिथे शिकवलं होतं. मी त्यावर परीक्षेत दोन पानं लिहून आले आणि वर्गात पहिली आले. नोकरीत त्या दोन पानांतली एक ओळ मी वापरली नाही. पाच वर्षं.

खोका आला त्या दिवशीच्या मीटिंगला आम्ही दोघीच होतो, मॅडम आणि मी. मी म्हटलं की आत्ता बारवी धरणाच्या रस्त्याला पळस फुललाय, पांगारा फुललाय, सगळा डोंगर लाल दिसतोय, तर त्यातलंच काही मुलांना आणून दाखवू या.

मॅडमनी पुस्तिका चाळली. मग म्हणाल्या, “ते फॉरेस्ट थीममध्ये येतं. फॉरेस्ट जुलैत आहे.”

मी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, ‘पळस – जुलै’. आज ती वही काढून बघितली की मॅडमपेक्षा माझंच जास्त हसू येतं.

आमच्याकडे एक मौशी होती. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून रोज यायची, आधी अर्धा तास चालत, मग जीपने. पन्नाशीची असेल. अठरा मुलांची शी-शू, डबे, उलट्या, गळणारी नाकं, हरवलेले मोजे हे सगळं तिच्याकडे. मॅडमनी तिला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं होतं आणि मुलांशी मराठीत बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. ‘कम’, ‘सिट’, ‘वॉश’ एवढे तीन शब्द तिला शिकवले होते. मौशी ते शब्द असे उच्चारायची की जणू कोंबड्या खुराड्यात घालतेय. मुलं मात्र तिच्या एका ‘कम’वर यायची. माझ्या गोड आवाजातल्या तीन वाक्यांना ढिम्म हलायची नाहीत.

स्प्रिंग वीक सुरू झाला. घरातला पहिला खेळ म्हणजे कापसाचा ससा. छापील सशावर मुलांनी गोंद लावायचा आणि कापूस चिकटवायचा. तीन वर्षांच्या मुलाला गोंद दिला तर तो काय करेल हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. एकाने कापूस आपल्या हनुवटीला चिकटवून दाढी केली. दोघांनी गोंद चाखला. एका मुलीने सगळा कापूस कागदाच्या मागच्या बाजूला लावला. ती साडेतीन वर्षांची, बारीक आवाजाची, आणि आपल्या शरीरात काय चाललंय ते दर पाच मिनिटांनी कळवणारी पोर होती. ‘टीचर, माझ्या पोटात पाणी वाजतंय,’ ‘टीचर, माझा पाय झोपला,’ असं. मी विचारलं, पुढे ससा का नाही केलास. तर म्हणाली ससा झोपलाय, गादी मागे आहे.

मॅडम दुपारी आल्या, कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या की हे असलं वॉलवर लावायचं का, शनिवारी पॅरेंट्स येणार आहेत. म्हणजे काय करायचं ते मला पाच वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. मुलं गेल्यावर मी बसले आणि अठरातले चौदा ससे स्वतः केले. त्यातही कौशल्य लागतं. फार सुबक केले तर पालकांना शंका येते, म्हणून एखादा कान किंचित वाकडा ठेवायचा, कुठे कापूस थोडा बाहेर जाऊ द्यायचा. मुलांसारखं वाईट करण्यात मी इतकी तरबेज झाले होते की दरवर्षी एखादी आई तरी माझ्या सशाचा फोटो काढून म्हणायची, बघा आमच्या पिल्लूचा हात किती वळलाय. मी मान डोलवायचे. गादीवर झोपलेला ससा मॅडमनी कचऱ्यात टाकला.

बाहेरचा खेळ म्हणजे अंडी शोधणं. अंगणात हिरवी प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती. तिच्यावर रंगीत प्लास्टिकची अंडी लपवायची. मुलांना ती दोन मिनिटांत सापडली. मग एका मुलाने विचारलं, कोंबडी कुठे आहे. पुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं होतं. अंडी ससा आणतो. मी अठरा मुलांसमोर गुडघ्यावर बसून, डोळे मोठे करून सांगितलं की ही अंडी सशाने आणलीत. मौशी दारात फडकं पिळत होती. तिच्या पाड्यात घरटी कोंबड्या होत्या आणि ससा म्हणजे काय तेही तिला चांगलं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. ते हसू आदराचं नव्हतं.

शनिवारच्या कार्यक्रमासाठी सगळ्या मुलांना ससे करायचं ठरलं. पोशाखाचं कापड आणायला मॅडम मला उल्हासनगरला घेऊन गेल्या. त्यांना फर हवी होती, खेळण्यातल्या अस्वलाला असते तसली, जाड आणि पांढरी. तिथल्या एका जुन्या सिंधी दुकानदाराने आम्हाला ठाण पसरून दाखवलं, कशासाठी हवंय विचारलं, आणि लहान मुलांचे कपडे शिवायचेत म्हटल्यावर हात थांबवला.

“बच्चों को पहनाना है,” तो म्हणाला, “या पकाना है?”

मॅडम म्हणाल्या, एसी आहे आमच्याकडे. त्याने खांदे उडवले आणि कापड मोजून दिलं. कापड विकणाऱ्याने जेवढं बोलायचं त्यापेक्षा तो एक वाक्य जास्त बोलला होता. बालशिक्षणाचा डिप्लोमा असलेली बाई मात्र शेजारी उभी राहून फरचा रंग उजेडात धरून बघत होती.

शुक्रवारी मौशी येताना फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली. सुट्टीच्या वेळी, पालकांची वाट बघताना, मागच्या पायरीवर तिने गाठ सोडली. पळसाची फुलं होती, टोपलीभर तरी, आणि शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा. एक फूल तिने देठाकडून धरलं आणि बारीक आवाजाच्या मुलीच्या बोटावर बसवलं. वाकडी चोच, काळा देठ. पोपट झाला. त्यानंतर मौशीने काही शिकवलं नाही. शिकवायची गरजही नव्हती. दहा मिनिटांत पायरीवर तीसेक पोपट होते, त्यांची भांडणं होती, एक पोपट मेला होता आणि दुसरे त्याला पाणी पाजत होते. शेंगा घेतलेल्यांनी त्या खुळखुळवत अंगणाला फेऱ्या घातल्या. कुणीतरी फुलं बादलीत टाकली, पाण्याला पिवळा-केशरी रंग सुटायला लागला आणि सगळे बादलीवर वाकून गप्प झाले. अठरा मुलं एकत्र गप्प बसलेली मी त्या शाळेत त्याआधी पाहिली नव्हती.

मॅडम बाहेर आल्या. मुलांचे हात रंगले होते. डाग, अ‍ॅलर्जी, किडे असं एकेक बोट मोजत त्या मौशीला ऐकवत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या की जंगलातलं जंगलात ठेव. मौशीने उरलेली फुलं परत फडक्यात बांधली आणि मागे पंपाच्या खोलीत ठेवून दिली. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. मी मुलांचे हात पुसत होते.

शनिवारी कार्यक्रम अकराला होता. अकरा का, तर प्रमुख पाहुण्यांना त्याआधी जमणार नव्हतं. हे पाहुणे निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीत होते आणि त्या दिवसांत तीन माणसं जमली तरी फीत कापायला जात. मुलं मात्र साडेनऊलाच आली. दहाला मी आणि मौशीने त्यांना पोशाख चढवले. पायांपासून टोपीपर्यंत एकसंध, मागे चेन, वर कान. आत बनियन आणि चड्डी. वर्गात एसी होता, पडदे ओढले होते, कागदी ट्युलिप लटकत होते. मुलं सुरुवातीला खूश होती. एकमेकांच्या शेपट्या ओढत होती.

साडेदहाला लाइट गेली.

बदलापुरात लाइट जाणं ही काही आपत्ती नाही, आम्ही तिला वेळापत्रकात धरतो. पण मॅडमनी धरलं नव्हतं. एसी बंद झाला, पंखे बंद झाले, आणि ओल्या भिंतींची ती खोली पंधरा मिनिटांत भट्टीसारखी झाली. मी म्हटलं, चेन जरा खाली करू का. मॅडम म्हणाल्या, पाहुणे निघालेत, दहा मिनिटं, फोटो झाला की सगळं काढा, आत्ता काढलंत तर पुन्हा अठरा जणांना घालेपर्यंत दुपार होईल. हिशोब बरोबर होता. मी थांबले. पालकांपैकी सात-आठ जण येऊन बसले होते. ते वह्यांनी वारा घेत होते आणि मुलांकडे बघून किती क्यूट म्हणत होते. त्यांच्यातल्याही कुणाला आपल्या पोटच्या पोराला त्या गोधडीतून बाहेर काढावंसं वाटलं नाही. समोर फोन धरला की माणसाला काही दिसेनासं होतं बहुतेक.

अकरा वाजून गेले. मुलांचा गोंगाट हळूहळू बंद पडला होता आणि मला, शिक्षिकेला, ते बरं वाटत होतं. शांत बसलीत म्हणून. तेवढ्यात ती बारीक आवाजाची मुलगी माझ्या ओढणीला धरून म्हणाली, “टीचर, माझ्या आत गरम आहे.”

तिचा चेहरा लालबुंद होता आणि घाम येत नव्हता. मी ते पाहिलं. ते मी पाहिलं हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे जिथे लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलेलं नाही. मी तिच्या टोपीचा कान सरळ केला आणि म्हटलं, “पाच मिनिटं हं, बेटा.”

ती पाच मिनिटं थांबली नाही. खाली बसली आणि आडवी झाली.

मौशी कुठून आली ते मला कळलं नाही. तिने मुलीला उलटं केलं, एका झटक्यात चेन ओढली आणि पोशाख सालासारखा सोलून काढला. पोरीला खांद्यावर टाकून ती मागच्या दाराने बाहेर गेली. जाताना मागे न बघता ओरडली, “पोरांनो, चला समदी.” ‘कम’ नाही म्हणाली. सगळे ससे उठून तिच्यामागे गेले.

मागे पंपाजवळ करंजाचं झाड होतं, नवी पालवी आलेली, दाट सावलीचं. तिथे खरी माती होती. प्लास्टिकची हिरवळ तिथवर पुरली नव्हती. मौशीने मुलीच्या मानेला, काखांना ओला पदर लावला, तोंडावर पाणी मारलं, घोट घोट पाजलं. मी धावत गेले ते नुसती बघायला. “बघत काय ऱ्हायलात बाई,” ती म्हणाली, “बाकीच्यांचं काढा.” तेव्हा कुठे माझे हात हलले. सतरा चेना मी उघडल्या. आतली बनियनं पिळून काढावी इतकी भिजली होती.

थोड्या वेळाने मुलगी उठून बसली आणि तिने कळवलं की आता तिच्या आत थंड आहे. मग ती म्हणाली, पोपट कुठेत. मौशीने पंपाच्या खोलीतून फडकं आणलं.

पुढचा अर्धा तास काय झालं ते पुस्तिकेतल्या चोवीस खेळांपैकी कशातच बसत नव्हतं. नळ सोडला होता, त्याचा ओहोळ झाला. बनियन-चड्डीतल्या पोरांनी त्याला बांध घातला, तो फुटला, परत घातला. चिखलाच्या ढेकळावर पळसाची फुलं खोचून कुणीतरी दुकान मांडलं. दाढीवाला मुलगा केशरी पाण्याची बादली घेऊन एकेकाचे पाय धूत होता, फार गंभीरपणे, जसं काही त्याला ते काम कुणीतरी नेमून दिलंय. मी डिप्लोमाच्या परीक्षेत जे लिहिलं होतं ते माझ्यासमोर चाललं होतं आणि ते घडवून आणणाऱ्या बाईला सही करता येत नव्हती.

पालक मागे आले. एक आई माझ्यावर चिडली, पोशाख काढायला कुणी सांगितलं, आमचा फोटो राहिला. मुलीच्या वडिलांना झाला प्रकार कळला तेव्हा ते मुलीला छातीशी धरून नुसते उभे राहिले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो प्रमुख पाहुणे येईपर्यंतच. पाहुणे सव्वाबाराला आले, चिखलातली पोरं बघून खूश झाले, आम्ही पण असेच खेळलो म्हणाले आणि बुटाला चिखल लागणार नाही अशा बेताने दोन मुलांना जवळ घेऊन उभे राहिले. फोटो निघाला. मॅडम त्यांच्या शेजारी उभ्या राहून सांगत होत्या की आमच्या करिक्युलमचा भर नेचरवर आहे. मी तिथेच होते. मलाही हसायला सांगितलं आणि मी हसले.

सोमवारी मौशी कामावर आली तेव्हा तिचं ओळखपत्र काढून घेण्यात आलं. कारण असं की तिने पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे कपडे उतरवले. शब्द फार हुशारीने निवडले होते. असे शब्द ऐकल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही, आणि ज्याच्याबद्दल ते म्हटलेले असतात त्याला परत कुणी मुलांजवळ उभं करत नाही. मॅडमना लेखी काहीतरी हवं होतं, उद्या कुणी पालक उलटला तर दाखवायला. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या की फक्त खरं लिहा. मी खरंच लिहिलं. ‘कपडे काढण्याची सूचना मी दिलेली नव्हती.’ एकच वाक्य, त्यात एक अक्षर खोटं नाही. खाली सही केली. चेहरा लाल होता, घाम येत नव्हता, मी पाच मिनिटं थांब म्हणाले, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मौशीने फडकं धुऊन वाळत घातलं आणि निघून गेली.

दोन आठवड्यांनी मी तिच्या पाड्यावर गेले. सोबत मिठाईचा पुडा होता. आपण केलेल्या गोष्टीवर मिठाईचा पुडा ठेवता येईल असं मला का वाटलं असेल, आता सांगता येत नाही. जीपवाल्याने धरणाच्या अलीकडे सोडलं, पुढे विचारत विचारत गेले. मौशी शेतात होती. भाताच्या रोपांसाठी पावसाआधी जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात, त्याची तयारी चालली होती. वाळका पालापाचोळा, फांद्या, शेण असं थरावर थर पसरत होते. तिची नातवंडं डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन पळत येत होती, टाकत होती, त्या ढिगात लोळत होती, ओरडा खाऊन परत पळत होती. त्यांतलं एक आमच्या मुलांएवढंच असेल. त्याला कुणी विचारलं नव्हतं की तू काय शिकतोयस.

मौशीने मला बघितलं, पण काम थांबवलं नाही. मी झाडाखाली उभी राहून तयार करून आणलेलं बोलायला लागले. माझा नाइलाज होता, नोकरीचा प्रश्न होता, घरी आई एकटी आहे. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. माझं संपल्यावर तिने कंबर सरळ केली.

“त्या पोरीला बरं हाय?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बरं आहे.

“बाई, मी अडाणी,” ती म्हणाली. “मला पोरीचं तोंड बघून कळलं. तुमी तर शिकलेल्या. तुमाला नाय कळलं का?”

“कळलं होतं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली नाही, समजूतही काढली नाही. पाल्याचा एक भारा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, तिकडं न्या. मी तो डोक्यावर घेतला. चांगल्या ड्रेसच्या मानेत काटक्या गेल्या, मुंग्या गेल्या. दुपारपर्यंत मी आठ-दहा खेपा केल्या. निघताना तिने मिठाईचा पुडा मुलांना वाटून टाकला, स्वतः घेतली नाही.

वाचणाऱ्याला वाटेल की दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. मी एप्रिल संपेपर्यंत काम केलं, कारण वर्ष पूर्ण केल्याशिवाय अनुभवाचं प्रमाणपत्र मिळत नाही. ते मिळालं. त्यात मी प्रामाणिक आणि मुलांची काळजी घेणारी आहे असं छापलेलं आहे. त्या मुलीच्या वडिलांना मी जायच्या आधी गाठलं आणि त्या शनिवारी काय झालं ते सगळं सांगितलं, पाच मिनिटांसकट. ते म्हणाले, मुलगी घरी रोज सांगते. टीचरने थांब सांगितलं आणि मौशीने उचललं. साडेतीन वर्षांच्या पोरीचा जबाब माझ्यापेक्षा पूर्ण होता. मॅडमकडे ते भांडायला गेले होते, तर त्यांना माझी सही दाखवली गेली.

पुढच्या वर्षी त्या शाळेचं नवं माहितीपत्रक आमच्या भागातही वाटलं गेलं. पहिल्या पानावर करंजाखालचा फोटो, वर ‘नेचर इमर्शन डे’. पाहुणे होते, मॅडम होत्या, चिखल होता. मौशीला कापून काढलं होतं, पण नीट जमलं नव्हतं. एका मुलाच्या डोक्यामागून तिचा हात कोपरापर्यंत दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा. आत खेळांच्या यादीत मातीकाम होतं. त्यासाठी मुख्य कार्यालय निर्जंतुक केलेली माती पाकिटातून पाठवतं, असं एका आईकडून कळलं.

मी अंबरनाथला विहाराच्या मागच्या खोलीत सकाळची बालवाडी काढली. पुढे अंगण आहे, एक नळ आहे, रेतीचा ढीग आहे. मौशीला बोलवायला मी परत गेले होते. ती म्हणाली, आता कुणाच्या हाताखाली नाय. बरोबरीने ये म्हटलं, तर म्हणाली बरोबरी बोलायला बरी असते. पण त्या खेपेला तिने चहा पाजला आणि वाळलेल्या शेंगांची पिशवी भरून दिली.

पहिल्या मार्चात माझ्याकडे नऊ मुलं होती. त्यांतला एक अख्खी सकाळ रेतीत खड्डा खणून त्यात मगाने पाणी ओतत बसायचा. पाणी कुठे जातं हे त्याला बघायचं होतं, आणि ते दिसत नव्हतं. आठ दिवस त्याचं हेच चाललं. एकदा त्याचे वडील न्यायला आले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, आणि त्यांनी विचारलं की आज काय शिकवलंत.

मी म्हटलं, खड्डा.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. सोमवारपासून त्यांनी मुलाला दुसरीकडे घातलं, जिथे रोज घरी रंगवलेला कागद येतो. आता आठ आहेत.